मिस्त्रीची डुलकी

१६ नोव्हेंबर, रविवार

पोचलो एकदाचा दोहाला! सगळ्यांनी घाबरवून ठेवलं होतं, तिथे भाजून निघशील म्हणून. कसलं काय, छान हवा आहे. संध्याकाळी तर मी स्वेटर शोधत होतो.

नफिसाची सक्त ताकीद आहे की रोज थोडं लिहायचं. फोनवर मी नुसतं ‘बरं आहे, बरं आहे’ करतो म्हणे. तेव्हा बाईसाहेब, ही वही तुमच्यासाठी. मागच्या पानांवर कामाची मापं आहेत, ती वाचू नका.

गॅरेज दोहाला लागून असलेल्या अल रय्यानच्या पार टोकाला आहे. इथले लोक थंडीत बाज पक्षी घेऊन वाळवंटात शिकारीला जातात, आठ-आठ दिवस तिकडेच राहतात. त्यांच्या गाड्यांत झोपायची सोय करायची, हे माझं काम. चिपळुणात पलंग केले, पुण्यात अ‍ॅम्ब्युलन्स आतून बांधल्या, म्हणजे हे तर डाव्या हाताचं काम! खोलीत आम्ही चौघं. बिर्याणीत बटाटा घालावा की नाही यावरून पहिल्याच संध्याकाळी भांडण झालं. म्हणजे जमणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पहिलं गिऱ्हाईक मिळालं, बू जासिम. साठीचा माणूस, उंची सहा फूट तीन इंच, कंबर गेलेली, हसणं गडगडाटी. हिंदी बोलतो, पण सगळी क्रियापदं पायाखाली तुडवून. तंबूत जमिनीवर झोपवत नाही, मला गाडी करून दे, म्हणाला.

जुन्या गाड्यांच्या बाजारात गाडी निवडायलाही मलाच नेलं. मागे ओढायचा कॅराव्हॅन पहिल्याच टेकाडावर रुतला असता. टपावरच्या तंबूला शिडी, आणि याचे गुडघे कुरकुरतात. मग एका कोपऱ्यात मला तो छोटा ट्रक दिसला. चारही चाकांना जोर, मागे गोठवलेली कोंबडी वाहायचा बंद डबा. मी लगेच बोट दाखवलं. जो डबा थंडी आत धरून ठेवतो तो ऊनही बाहेर ठेवणार, साधी गोष्ट आहे. बू जासिमने माझी पाठ अशी थोपटली की मला ठसका लागला.

ट्रकचा जुना ड्रायव्हर सोनम म्हणून नेपाळी आहे. आधीचा मालकही शिकारीला जायचा आणि याच डब्यात झोपायचा म्हणे. सोनमने किल्ली दिली ती चिमटीत धरून, लांबून. मी नंबर घेऊन ठेवला, कुठे काही अडलं तर विचारायला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

माप लिहितो. डबा बाहेरून रुंद २२१. दोन्ही बाजूंची भिंत आठ-आठ. आत २०५. पलंग आडवा टाकलाय, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, म्हणजे लांबुळक्या बू जासिमलाही पुरून उरेल. खाली खण, डोक्याशी एसी, मागच्या दाराला खिडकी, पायाशी बाजाची बैठक. सागाची पट्टी लावून कडा अशा घासल्यात की गालावर फिरवाव्यात. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण दोहात असं काम कुणी केलं नसेल.

व्हिडिओ पाठवला. हिबाचं लगेच सुरू, अब्बा मला पण असाच छोटा पलंग कर, मी आता एकशे अठ्ठावीस झाले. नऊ वर्षांची पोर आणि सेंटिमीटर सांगते! मिस्त्रीची लेक शोभते. म्हटलं, करतो, तुझ्या मापाचा करतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज काम संपलं, तेव्हा आमच्या घराण्याची रीत पाळली. बाबा कुठलाही पलंग गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी त्यावर स्वतः डुलकी काढायचे. मिस्त्रीला झोप लागली तर पलंग खरा, नाहीतर पैसे हराम. दुपारी जेवून आत गेलो, बिस्मिल्ला म्हणून पंधरा मिनिटं पडलो.

उठलो तेव्हा साडेपाच वाजले होते. चार तास! इतकी गोड झोप आईच्या मांडीवर लागली असेल तेवढीच. फक्त डोकं एका भिंतीला टेकलेलं आणि टाचा दुसऱ्या भिंतीला.

टेप लावली. १६८. माझी उंची १६८.

टेप बदलून पाहिली. १६८. बाहेरून २२१.

३ डिसेंबर, बुधवार

इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. बू जासिम आडवा झाला आणि गुडघे छातीशी आले. भिंतीचं कुणाला सांगू? वेड्यात काढतील. माप चुकलं म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. करायला गेलो गणपती, झाला मारुती. तो मात्र गडगडून हसला. स्वतःच्या मापाचा केलास, तर आता तूच झोप, असं म्हणाला. मोसम संपेपर्यंत मी कॅम्पवर राहायचं, गाडी आणि जनरेटर सांभाळायचा. तो आपला तंबूत. नोकरी वाचली, शुक्र अल्लाचा.

एक गंमत आहे. त्या दुपारपासून खोलीतल्या खाटेवर डोळ्याला डोळा नाही. चार रात्री झाल्या.

९ डिसेंबर, मंगळवार

कॅम्प. चोहीकडे वाळू. पहाटे आणि मावळतीला बाज उडवतात, भर दुपारी सगळे झोपतात. मीही डब्यात पडतो आणि दगडासारखा झोपतो. बाहेर कुठेही पडलो तर झोप नाही. तंबूत नाही, जीपमध्ये नाही. बाज बैठकीवर मजेत असतो, त्याला काही वाटत नाही.

आज १५५. आता पाय मुडपून झोपतो.

एवढी जागा गेली कुठे? ड्रिल लावलं. आठ सेंटिमीटरला पत्रा लागायला हवा. तीस गेलं, पातं संपलं, पत्रा नाही. पातं काढलं आणि भोकाला कान लावला.

आत कोणीतरी घोरत होतं. शांतपणे, दुपारी जेवून झोपलेल्या माणसासारखं.

१४ डिसेंबर, रविवार

भोक बुजलं. मी बुजवलं नाही.

१४६.

बू जासिमला सांगितलं की मला घरी पाठवा. ऊन लागलंय तुला, ताक पी, म्हणाला. चांगला माणूस आहे, तेच वाईट आहे.

१७ डिसेंबर, बुधवार

पळालो. तीन दिवस डब्यात गेलो नाही, झोपलोही नाही. पाण्याचा टँकर परत दोहाला जात होता, त्यात चढलो. वीस-पंचवीस किलोमीटर गेलो असेन.

जाग आली ती पलंगावर.

कॅम्पचा स्वयंपाकी सांगतो, मी सडकेकडून चालत आलो. अनवाणी. डोळे मिटलेले. हाक मारली तर हसलो म्हणे, आणि आतून दार लावून घेतलं. तळपाय फाटलेत. मला त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सोनमला फोन. आधी नाही नाही म्हणाला, मग रडायलाच लागला. दोन वर्षांपूर्वी दुपारी तो या डब्यात झोपला होता. त्यालाही बाहेर झोप येईना, जागा कमी होत गेली. मग एक दिवस मालक दमून आत येऊन पडला, त्याला झोप लागली, आणि सोनम मोकळा झाला. मालक पुढे कुणाला सापडला नाही.

म्हणजे दुसरं कोणी झोपलं तरच मी सुटतो. नाहीतर भिंतीत.

त्याला शिव्या घालाव्यात असं वाटलं. घातल्या नाहीत. कारण लिहितो, नफिसा, तुझ्यापासून काय लपवायचं — फोन ठेवताच मी स्वयंपाक्याकडे गेलो आणि म्हटलं, माझ्या एसीत जरा पड की. तो आलाही. पण एवढ्याशा जागेत मावेना, वैतागून गेला. लाज वाटते. आणि तो मावला नाही याचं वाईटही वाटतं.

आता कोणीच मोठं माणूस मावणार नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

१३५.

दार आतून उघडत नाही. फोन बाहेर जनरेटरपाशी चार्जिंगला राहिलाय. जेवण खिडकीखालच्या फटीतून सरकवतात. मीच कडी लावून बसलोय असं समजून मला माणूसघाणा म्हणतात. ओरडतो ते त्यांना ऐकू येत नाही, नुसतं माझं तोंड हलताना दिसतं आणि ते हात हलवतात. चिठ्ठी लिहून काचेला लावली. इथे मराठी, हिंदी वाचणारं कोणी नाही, आणि इंग्रजीत मी काय लिहिलं ते मलाच

झोप येते. झोपलो की कमी होतं. जागं राहायचं.

२४ डिसेंबर

बू जासिम खिडकीशी आला, हसत. फोन काचेला लावून दाखवला. फोटो. दोहाचा विमानतळ, नफिसा, हिबा. त्यानेच बोलावून घेतलं. माझा मिस्त्री उदास आहे म्हणून. तिकिटं त्याची. शुक्रवारी इथे जेवायला आणणार.

नको म्हणालो. हात जोडले. त्याला वाटलं आभार मानतोय. त्यानेही छातीवर हात ठेवला.

टेप लावायला भीती वाटते.

२५ डिसेंबर

लावली.

१२८.

दिवसभर तेवढंच. झोपलो तरी कमी होत नाही. थांबलंय. वाट बघतंय.

या अल्ला, माझी पोर नको. मला घे, आत्ता घे —

२६ डिसेंबर, शुक्रवार

दुपार. गाडी आली. हिबाचा आवाज, सगळ्यांच्या वर. अब्बाची गाडी कुठली विचारते.

कडी सैल झालीय. आज पहिल्यांदा. ढकललं तर उघडेल. मी बाहेर, ती दमलेली, दोन तासांचा वाळूतला प्रवास, एसीची गार हवा — सुटलो. मला सगळं कळतं. म्हणूनच दार आत ओढून धरून बसलोय. उजव्या हाताने लिहितो, डाव्याने कडी.

नफिसा, तिला घेऊन जा. ओरडलो. भिंती गिळतात.

पावलं. वाळूत पळते. दार वाजवलं. अब्बा, आत आहेस ना?

आणि कोणीतरी म्हणालं, आहे ना बाळा, ओढ दार, तुझ्याच मापाचा केलाय.

माझा आवाज. मी नाही बोललो. नफिसा, शपथ, माझे ओठ मिटलेले आहेत, मी दात

ती हसतेय. ओढतेय. जोर आहे पोरीला — एका हाताने नाही धरवत — पेन सोडतो, दोन्ही हातांनी