खुंटी हाय

बा, तुझा जत्रेतला पाळणा यंदा बोंबलांच्या बाजारात उभा राहिला. देवळासमोरच्या पिंपळाखालची जागा गेली. रागावू नकोस, आधी सगळं ऐकून घे. बोलणं पटलं नाही की अर्ध्यावर उठून जायची तुला सवय होती, आता तेवढी सोय तुला राहिलेली नाही. तू गेल्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. पाळणा मात्र तोच आहे. पेट्या नव्या केल्या, दांडे बदलले, पण मधला कणा अजून तुझ्या हातचा. चैत्रात देवीची जत्रा भरते तेव्हा माझा नवरा आणि मी तो बैलगाडीत घालून आणतो, कण्याला करंजाचं तेल पाजतो आणि तुझ्या शिरस्त्याप्रमाणे आधी रिकामाच फिरवून बघतो. माझा नवरा सुताराचाच पोर आहे, तू त्याला पाहिलं नाहीस. तो कमी बोलतो. तुमचं जमलं असतं, दोघं मिळून गप्प बसला असतात.

मला लहानपणचं आठवतं ते मी पाळण्याचा भार होते तेव्हाचं. समोरासमोरच्या पेट्यांचं वजन जुळलं नाही तर पाळणा एका अंगाला ओढ खातो आणि फिरवणाऱ्याचा खांदा जातो. म्हणून एखादी थोराड मावशी एकटीच येऊन बसली की तू माझ्याकडे बघून हाक मारायचास, "ए भार, ये गं!" आई चिडायची, पोरीला नाव ठेवलंय ते काय चुलीत घालायला का, म्हणायची. मला मात्र त्या हाकेचा तोरा होता. बाकीची पोरं पाळण्यात बसायला बापाच्या मागे लागायची, आणि मी नसले तर पाळणाच फिरत नाही. तू धोतर खोचून दांड्याला रेटा द्यायचास आणि मी वर जायचे. वरून घाटाचा डोंगर दिसायचा, त्यावरून आगगाडीचा धूर तिरका चढत जायचा, आणि खाली तुझं डोकं नारळाएवढं दिसायचं.

त्या संध्याकाळी मी पेटीत चढलेय. समोरच्या पेटीत नवं जोडपं बसतंय, नवरी पदर सावरतेय, नवरदेव उगाच हसतोय. मांडीपुढची आडवी दांडी मी ओढून घेतलीय, पण ती जागेवर धरून ठेवणारी खुंटी अजून दोरीला लोंबतेय. मी ती पकडायला वाकते. तू खांबाच्या पलीकडे आहेस, तुला माझी पेटी दिसत नाही. तू नेहमीसारखं विचारतोस, "बसली का रं समदी?" आणि नेमकी त्याच वेळी सुक्या मासळीच्या बाजूने एक बाई आपल्या चुकलेल्या नवऱ्याला हाक मारते, आणि तो तुझ्या पाठीमागच्या गर्दीतून खणखणीत आवाजात म्हणतो, "ओ!"

आपल्याकडे 'हो'मधला ह कोण म्हणतो, बा? होकार दिला तरी ओ, आणि कोणी हाक मारली तर त्याला दिलेला ओ तोही ओच. तू तो आपला समजलास आणि रेटा दिलास. पडल्याचं मला आठवत नाही. तुझं तोंड आठवतं. तू मला उचललंस तेव्हा तुझ्या हाताला करंजेलाचा वास होता आणि तू सारखं एकच म्हणत होतास, "ओ आला होता गं, ओ आला होता." त्या माणसाला त्याची बायको सापडली असणार, दोघं मासळी घेऊन सुखाने घरी गेले असणार. आपल्याकडे काय झालं हे त्यांना कधी कळलंही नसेल.

डोंगरवाडीच्या म्हाताऱ्याने माझा डावा हात बसवला, बांबूच्या कामट्या बांधल्या, पण कोपर वाकडं राहिलं ते राहिलंच. आई म्हणाली, पाळणा मोड आणि चुलीला लाव. भावकीही तेच म्हणाली. तू मात्र पावसाळाभर पडवीत बसून खुंट्या तासत होतास, खैराच्या, जाडजूड, एकेक हातात धरून बघत. मी शेजारी बसून ढलप्या गोळा करायचे. एकदा तू हातातली खुंटी माझ्यापुढे धरलीस आणि म्हणालास, "ओ कोनाचाबी आसतो गं. खुंटी ज्याची त्याचीच." मला तेव्हा काही कळलं नाही. मी आपली मान हलवली.

कळलं ते पुढच्या चैत्रात. तू पाळणा उभा केलास आणि लोकांना सांगितलंस, मी पेटीपेटीपाशी येऊन विचारणार, ज्याने त्याने आपल्या खुंटीला हात लावून तोंडाने म्हणायचं, "खुंटी हाय." ओ चालणार नाही, मुंडी हलवलेली चालणार नाही, एकाने चौघांच्या वतीने म्हटलेलं चालणार नाही. किती हसले सगळे! "लगीन लावतोस का काय रं, जनाजनाला इचारतोस ते?" असं कोणीसं ओरडलं. नव्या सुना लाजून तोंड उघडेनात, म्हातारे उगाच वाकड्यात शिरून "खुंटी नाय" म्हणायचे. तू दांड्याला पाठ लावून उभा राहायचास. "बोलल्याबिगर फिरनार नाय," एवढंच. तासभर थांबावं लागलं असतं तरी तू थांबला असतास, आणि हे एकदा लोकांना कळल्यावर ते बोलायला लागले.

मला मात्र तू पुन्हा कधी बसवलं नाहीस. माझ्या जागी भाताचं पोतं आलं, आणि एकदा मी ऐकलं, तू त्या पोत्याला 'भार' म्हणालास. मी देवळामागे जाऊन रडले. माझा हात मोडला त्याचं मला एवढं दुःख झालं नव्हतं. वाकडा हात कामाला उपयोगाचा नाही म्हणून तू मला शाळेत घातलंस, मास्तरांपुढे उभा राहून म्हणालास, हिचा लिहायचा हात चांगला हाय. त्या हातानेच हे लिहितेय. तापाच्या साथीत तू गेलास तेव्हा आई पाळणा विकायला निघाली होती. मी आडवी पडले. पोरीच्या जातीला पाळणा हलवायचा असतो, फिरवायचा नसतो, असं मामा म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर हसला. मी तेव्हापासून पाळणा फिरवतेय.

आता पाळण्यांच्या पंडितांविषयी सांगते, कारण जागा जाण्यात त्यांचा हात आहे. तुझ्या वेळेला एकदोघेच होते, आता जत्रेच्या चहावाल्याकडे त्यांची बैठकच भरते. कर्जत स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारा एक सांधेवाला, रजा मिळाली की जत्रा गाठतो. खालापूरचा एक शिंपी. आणि खोपोलीच्या वीजघरात कामाला असलेला एक पोरगेलासा माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीला मोटार लावायची असते. कुठल्या गावच्या पाळण्यात पोटात गोळा येतो, कुठला कुरकुरतो, कुठला वर गेल्यावर क्षणभर थबकतो, यावर ते इतकं भांडतात की चहा गार होतो. मुंबईकडच्या एका ठेकेदाराने लोखंडी पाळणा आणायला सुरुवात केल्यापासून तर त्यांना पंगतच मिळाली. तो उंच आहे, वेगाचा आहे, आणि तिथे कोणी कोणाला काही विचारत नाही. आपल्याविषयी सांधेवाल्याचं मत ठरलेलं, "वैनीचा पाळणा पासिंजर हाय, मेल नाय." मी म्हणायचे, मेलने जा मग भावोजी, कोण अडवतंय. तो हसायचा आणि आपल्याच पेटीत येऊन बसायचा.

यंदा जत्रेच्या आधी पाटील घरी आले. तुझे दोस्त, आता काठी धरतात. ओटीवर बसले, पाणी प्याले, बराच वेळ आंब्याच्या मोहोरावर बोलले. मग म्हणाले, "तुझ्या पाळन्याला नावं ठेवत नाय मी. पन मानसं खोळंबतात गं. पिंपळाखाली मानसं रांगा लावून उभी आनि तू आपली पेटीपेटीला इचारत फिरतंस. पोरं वैतागतात, पासिंजर म्हनतात तुझ्या पाळन्याला. ते इचारनं तेवढं सोड, नायतर पंच लोखंडीवाल्याला जागा देनार. मी एकला काय करू?"

मी म्हटलं, "काका, जागा द्या त्यांना. इचारनं सुटनार नाय."

"अगं, तुझ्या बालाबी यवढा हट नव्हता."

"होता," मी म्हटलं, आणि वाकडं कोपर पदराखालून काढून त्यांच्यापुढे धरलं नाही, पण त्यांची नजर तिकडे गेली. ते काठी टेकत उठले. जाताना म्हणाले, खालच्या अंगाला मासळीच्या बाजारापाशी जागा आहे, वास सोसत असेल तर बघ. मी नवऱ्याकडे बघितलं. पिंपळाच्या जागेवर आमचं वर्ष निघतं, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "बोंबलात उभा करू. वास येल तेवढा येल."

तर असा तुझा पाळणा एका बाजूला सुकट, दुसऱ्या बाजूला बोंबील, यांच्यामध्ये उभा राहिला. पहिल्या दिवशी माश्यांखेरीज कोणी बसलं नाही. कोळणी टोपल्या मांडून आमच्याकडे बघून हसत होत्या. त्यांतली सगळ्यांत थोराड जी, ती म्हणाली, "आमच्या बोंबलांना तरी बसव गं, सकालपासून पडूनशान हायेत." मी म्हटलं, बसवते, पण खुंटी हाय म्हणाले पाहिजेत. झालं, त्यांना तेवढंच हवं होतं. गिऱ्हाईक भावाला नाही म्हणालं की त्या आपसांत ओरडायच्या, "खुंटी नाय गं हिची!" दुसऱ्या दिवसापासून पावसाळ्याची बेगमी करायला बायका आल्या, त्यांच्याबरोबर पोरं आली. आई मासळीची घासाघीस करतेय तोवर पोरांनी काय करायचं? पाळण्यात बसायचं. आणि त्या पोरांना 'खुंटी हाय' ओरडण्यातच निम्मी मजा वाटायची. पिंपळाखाली गर्दी जास्तच होती, खोटं कशाला सांगू. पण आमचा पाळणा बंद पडला नाही, आणि मी कोणाला विचारायचं सोडलं नाही.

सांधेवालाही आला, नाकाला रुमाल लावून. वीजघरवाला त्याच्या मागे होता, कुरकुरत होता की लोखंडी सोडून इकडे या वासात कशाला. सांधेवाला पेटीत बसता बसता म्हणाला, "तिकडं मेल हाय रं, पन गार्ड नाय. बस गप, आनि बोल." वीजघरवाला बसला आणि बोलला.

शेवटच्या संध्याकाळी बाजार उठायला लागला तेव्हा ती थोराड कोळीण टोपली रिकामी करून आली. म्हणाली, आता मी बसनार. ती पेटीत बसली तशी पेटी करकरली. दुसऱ्या जोडीच्या पेट्यांत तिच्या सुना पोरांना घेऊन बसल्या होत्या, तिच्या समोरची तेवढी रिकामी होती. नवऱ्याने भाताचं पोतं शोधलं तर ते पोतं आमच्याच बैलाने फोडलं होतं. नवरा माझ्याकडे वळला आणि सहज म्हणाला, "भार पायजे." त्याला ती हाक माहीत नव्हती, बा. मी त्याला कधी सांगितली नव्हती. मी जाऊन समोरच्या पेटीत बसले. इतक्या वर्षांनी. दांडी मांडीवर घेतली, खुंटी हातात आली, तुझी, खैराची, हाताळून गुळगुळीत झालेली.

नवरा पेटीपेटीपाशी गेला. सुना बोलल्या, कोळीण बोलली. माझ्या पेटीशी आला आणि मला विचारू लागला, जसं कोणालाही विचारतो तसं. खुंटी मी बसवली होती, पण शब्द फुटेना. तेवढ्यात मागे टोपल्यांकडून कोणीतरी कोणाला हाक मारली आणि गर्दीतून मोठ्याने उत्तर आलं, "ओ!"

मी दांडी गच्च धरली. नवऱ्याचा हात दांड्यावर होता. तो हलला नाही. त्याने मान वळवूनही बघितलं नाही, तो माझ्याच तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "तू बोल."

हे तुला सांगायचं होतं. तो ओ तुझा दोष नव्हता. तू विचारलंस आणि उत्तर आलं, कोणालाही आपलं वाटलं असतं. आणि पडवीत बसून तू जे तासलंस ते त्या संध्याकाळी, तू नसताना, तुला कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात पक्कं बसलेलं होतं. पुढच्या वर्षी जागा बोंबलात मिळो की मसणवटीत, मी असेपर्यंत हा पाळणा विचारल्याशिवाय फिरणार नाही, आणि माझ्यामागे जो फिरवील त्याच्याकडून मी हे वदवून घेईन.

मी म्हटलं, "खुंटी हाय." त्याने रेटा दिला.

हा कागद कुठे धाडायचा नाही. कण्याखाली घडी करून ठेवावा असं मनात आलं होतं, पण कण्याखाली कागद-चिंधी घालायची नाही, ही तुझीच शिस्त. दोरखंडाच्या पेटीत पडून राहील. फक्त एक राहिलं, आणि ते मी त्या सांधेवाल्याला जन्मात सांगणार नाही. वर गेले, घाटावरचा धूर दिसला, समोर खाली कोळीण पदर तोंडात घालून हसत होती, आणि मला वाटलं, काय हा नवरा, किती हळू फिरवतो.