कुलूप आमचंच

१६ जून, सोमवार

थोरले गुरुजी आलेच नाहीत! शाळेचा पहिला दिवस. फाटकाला आंब्याची पानं बांधली, हाजराबीनं खिचडीच्या चुलीवर आज शिरा केला, पोरांच्या हातात गुलाब दिले — आणि गुरुजी नाहीत. फिरदोस बाई शिराळ्याहून स्कूटीवर एकट्याच आल्या.

विचारलं, तर म्हणाल्या, “आबा, त्यांची जागाच काढून घेतली. पट कमी झाला. आता चारही वर्ग माझ्याकडंच.”

वर्ग चार, बाई एक. माझी नात शिवांजली तिसरीत गेली. तिला भागाकार कोण शिकवणार? मला येतो, पण माझी रीत जुनी. मीही चौथीपर्यंतच शिकलो, याच शाळेत. बाई म्हणतात, दोन रीतींनी पोरगी गोंधळेल.

१७ जून

वीरधवलचा कुपवाडहून फोन. “शाळा सुरू झाली का, आबा?” झाली म्हणालो. गुरुजींचं सांगितलं नाही.

सांगितलं तर पोरीला घेऊनच जाईल. तो आणि सूनबाई, दोघंही कारखान्यात, पाळ्या वेगळ्या, राहायला एक खोली — म्हणून शिवांजली माझ्याकडं. पण ठेवतानाच म्हणाला होता, “शाळा नीट चालतीय तवर ऱ्हाऊ दे. न्हाईतर मी नेणार.” माझी कारभारीण अंबू गेल्यापासून या घरात आवाज म्हणजे त्या पोरीचाच.

२५ जून

बाई मीटिंगला तालुक्याला. मग शाळेत कोण? हाजराबी! खिचडी ढवळता ढवळता तिनं पोरांकडून पाढे म्हणवून घेतले. तिला बाराच्या पुढं येत नाहीत. म्हणून पोरंही बारापर्यंतच.

मी दिवसभर वळचणीला बसून होतो. एक पोरगं हौदाकडं गेलं तरी जीव वर-खाली.

१ जुलै

शाळेची लाईट तोडली. बिल भरायला वरून पैसाच येत नाही म्हणतात. आपल्या फौजी पोरांनी वर्गणी काढून मोठा टीव्ही दिलाय, त्यावर आता चादर.

शिवांजली म्हणाली, “आबा, बाई आज लय दमल्या. खुर्चीवरच डुलकी लागली त्यांना. आमी कुणी उठवलं न्हाई.”

हे वीरधवलला सांगू नको म्हणालो. “का?” म्हणाली. काय सांगू?

६ जुलै, रविवार

देवळात बैठक झाली. नानासो बोलायला उभा राहिला. पूर्वी सरपंच होता, आवाज अजून तसाच. “अर्ज लय झालं. टाळं ठोकल्याबिगर सायेब हलत न्हाईत! पलीकडच्या गावानं ठोकलं, तिसऱ्या दिवशी मास्तर हजर!”

सगळे व्हय व्हय म्हणाले. हाजराबी मागून म्हणाली, “आवं, पर तवर पोरं कुटं बसायची?”

“दोन दिसांचा तर प्रश्न हाय गं!”

कुलूप नवं कोरं आणलेलं, पितळी. किल्ली कुणाकडं ठेवायची? नानासोनं माझ्याकडं बोट केलं. “नाथा, जलमभर कालव्याच्या दाराची किल्ली तुज्याकडं हुती. थेंबभर पाणी चोरीला गेलं न्हाई. हीबी तूच सांभाळ गड्या.”

“कालव्याला कुलूप हुतं, रातीचं पाणी मातूर सगळ्यांच्या रानात!” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो. किल्ली घेतली. नको म्हणायला हवं होतं काय? कळेना.

७ जुलै, सोमवार

टाळं ठोकलं. “शिक्षक द्या, नाहीतर शाळा बंद!” पोरांना तर मजाच. शिवतेज, नानासोचा नातू, सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. पेपरवाल्यानं फोटो काढला.

फिरदोस बाई पिशवी घेऊन फाटकाबाहेर उभ्या. मी म्हणालो, “बाई, तुमच्यावर राग न्हाई आमचा.”

“कळतंय आबा. पण हजेरीपुस्तक आत राहिलं. मी सही कुठं करू?”



८ जुलै

पेपरात फोटो आला. मी तोंड उघडं टाकून उभा. साहेब कुणी आले नाहीत. वाट बघून सगळे रानात गेले.

९ जुलै

तिसरा दिवस. आले नाहीत.

११ जुलै

कुणीच नाही. नानासोनं फोन लावला, तर म्हणे साहेब रजेवर. दुसरे साहेब म्हणाले, “वर कळवलंय.”

बाईंना दुसऱ्या गावच्या शाळेत बसवलं. शाळा बंद आहे तोवर तिकडं, असं. म्हणजे आधी एक तरी शिक्षक होता, आता तोही नाही!

किल्ली हरवेल म्हणून करदोट्याला बांधलीय. आंघोळीला गेलो की चाचपतो. जेवताना चाचपतो. शिवांजली हसते, “आबा, पोट दुखतंय व्हय?”

१५ जुलै

हाजराबी आली. दारातच बसली. “आबा, तांदळाची पोती आत हायत. वारं लागलं न्हाई तर पोरकिडं हुत्याल. जरा उघडा, उन्हाला घालते, परत लावा.”

किल्ली काढायला गेलो, पण हात थांबला. गावानं विश्वासानं दिलेली. नानासोला विचारून येतो म्हणालो.

नानासो उसाला खत टाकत होता. मान वर न करता म्हणाला, “आता उघडलं तर सायेब म्हणत्याल, नमलं गाव. हसं हुईल. थांब की दोन दिस.”

परत दोन दिवस! हाजराबीला काय सांगावं, वाटेत शब्द जुळवत आलो. तिनं माझं तोंड बघितलं आणि उठून गेली. “पोरं माझ्या हातचं खात हुती,” एवढंच म्हणाली.

१७ जुलै

वाडीत पिवळी व्हॅन आली. रस्त्याकडच्या इंग्लिश शाळेची. ड्रायव्हर गोड बोलतो. “पोरं नुसती बसवून ठेवू नका काका, वर्ष वाया जाईल. दारात सोडतो, दारातनं नेतो.” टाय दाखवला. पोरं टायला हात लावून बघत होती.

शिवांजलीनंही लावला.

वीरधवलचे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. त्यानं पेपरातला फोटो पाहिलाच असणार.

२१ जुलै, सोमवार

आज कुलूप काढलं.

साहेबांसाठी नाही. तांदळासाठीही नाही. दाखल्यांसाठी! इंग्लिश शाळेत नावं घालायची तर दाखले हवेत. रजिस्टर आत, किल्ली माझ्याकडं. सकाळी आईबाप दारात येऊन उभे. बाईंनाही त्यांनीच फोन करून बोलावलं.

आत कुबट वास. फळ्यावर अजून शनिवारची तारीख, ‘नेहमी खरे बोलावे’. तांदळाला पोरकिडे. हाजराबीनं मूठभर हातात घेतले, परत पोत्यात टाकले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाई खिडकीच्या उजेडात बसून एकेक दाखला लिहीत होत्या. अक्षर किती सुंदर! पोराचं नाव लिहिलं की थोडं थांबत. एका आईला म्हणाल्या, “याची गुणाकारात सात आणि नऊची गल्लत होते. तिथल्या बाईंना सांगा.”

शेवटी नानासो. शिवतेजचा दाखला न्यायला. मला राहवलं नाही. “नाना, दोन दिवस म्हणालास तूच!”

“म्हनालो हुतो. सायेब आलं न्हाईत ह्येला मी काय करू? पोराचं वरीस जाईल रं. गावाचं गाव बघंल.”

“गाव म्हणजे कोण, नाना?”

तो दाखला खिशात घालून गेला.

सगळे गेल्यावर बाईंनी विचारलं, “आबा, शिवांजलीचाही करून ठेवू? मला परत यायला जमेल न जमेल.” नको म्हणालो. ठामपणे म्हणालो. बाईंनी रजिस्टर मिटलं आणि कपाटात ठेवलं.

कुलूप परत लावलं. सवयीनं.

२३ जुलै

व्हॅन आता रोज येते. शिवांजली खांबाला धरून उभी असते. आज मीच भागाकार शिकवायला बसलो. मध्येच म्हणाली, “आबा, बाई असं लिहीत न्हाईत.” पाटी बाजूला ठेवली.

२७ जुलै, रविवार

वीरधवल आला. ओरडला नाही. ओरडेल म्हणून रात्रभर उत्तरं घोकली होती, सगळी वाया. फक्त म्हणाला, “आबा, तुमी तरी मला सांगायचं हुतं.”

“गुरुजी येतील असं वाटलं रं.”

“आलं का?”

तिचे कपडे भरले. ती म्हणाली, पंचमी परवावर आली, झोका बांधलाय आबांनी, पंचमीनंतर जाऊया. वीरधवल म्हणाला, उद्याच नाव घालायचं, रजा एकच दिवस मिळालीय. मी म्हणालो, दाखला नाही काढलेला. तो म्हणाला, “नंतर बघू. महापालिकेच्या शाळेत वयावर बसवून घेत्यात.”

मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये तिची पिशवी. वळणापर्यंत मागं बघत होती. मी हात हलवला की नाही, आता आठवत नाही. हलवला असेल.

२९ जुलै

पंचमी. झोका सोडून ठेवला. पावसात दोर कुजतो.

३ ऑगस्ट

फोनवर बोलली. “आबा, हितं वर्गात लय पोरं हायत. आमच्या बाईंना माझं नाव अजून म्हाईत न्हाई. निळी रिबीन म्हनत्यात मला.”

“सांग की मग नाव.”

“सांगितलं. विसरल्या.”

ती हसत होती. मी फोन ठेवला. जेवलीस का, हे विचारायचंच राहिलं.

१५ ऑगस्ट

झेंडा तरी लावायला हवा. फौजींचं गाव आहे आपलं. फाटक उघडलं. सहा-सात म्हातारे, हाजराबी, आणि पेन्शनीतले सुभेदार. पोरं सगळी इंग्लिश शाळेच्या कार्यक्रमाला. नानासो लांबूनच नमस्कार करून गेला.

झेंडा वर गेला आणि सगळे गप्प! राष्ट्रगीत सुरू कुणी करायचं? ते नेहमी पोरंच करतात. एकमेकांची तोंडं बघत राहिलो. शेवटी हाजराबीनं सुरू केलं, लय वर. सुभेदारांचा आवाज पोचेना, माझा तर फाटलाच.

तिनं घरून शिरा करून आणला होता. सवयीनं जास्तच केलेला.

संध्याकाळी झेंडा उतरवून घडी घातली. परत कुलूप. आता आत जपण्यासारखं काय आहे? पण उघडं टाकवेना.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी दारात मोटारसायकल थांबली. तरणा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, पाठीवर सॅक. “नाथाजी आबा तुम्हीच ना? किल्ली तुमच्याकडं आहे म्हणाले. मी नवा शिक्षक. आज रुजू होतोय. तुमचं आंदोलन फळाला आलं बघा!”

करदोट्याची गाठ सुटेना. कात्रीनं कापली.

त्यानं सॅकमधून रंगीत खडू काढून दाखवले. मग म्हणाला, “पटावर अजून एक नाव आहे, म्हणून तर शाळा चालू धरलीय. शिवांजली. घर कुठलं हो तिचं?”

“हेच,” म्हणालो. आत या म्हणालो. चहा ठेवलाय. तो पडवीत बसलाय, तिची वाट बघत.