डोक्याला चुंबक आणि कागदावर शून्य

३ मार्च
दुकानाचं शटर अर्धंच वर ढकललं मुलानं आणि आपटलं माझं डोकं. रक्त नाही, टाका नाही, तरी दीड महिना ठणकतंय. वर त्यानंच माझ्या शिवणाच्या दुकानाला कुलूप ठोकून किल्ली खिशात घातली. म्हणे, "डॉक्टर बरी म्हणाले की देतो, आई." तोवर त्याच्या घरी पाहुणी. पाहुणीला कोणी भाजी निवडायला बसवतं का?

४ मार्च
दवाखाना. डॉक्टर म्हणाले, मारामुळे डोकेदुखी, जोडीला डिप्रेशन. चुंबकाचं मशीन डोक्याला लावायचं, वीस वेळा. मी म्हटलं, डोकेदुखी माझी, ते दुसरं कोणाचं तरी असेल. तेवढ्यात सून बोललीच, "आई नळ सोडून रडतात हो." घरभेदी! नळ मी पाण्यासाठी सोडते.

५ मार्च
मशीन सुतारपक्ष्यासारखं टकटकतं. ताकद ठरवायला आधी एकच ठोका दिला, तर माझा अंगठा टुणकन उडाला. मला न विचारता. घरात कोणी विचारत नाही, आता अंगठाही त्यांच्यात सामील.
मशीनवाल्या मुलीनं कागद दिला. दुखणं किती, उदास किती, रडू किती, शून्य ते दहा. चौथीपर्यंत शिकलेय, शून्य झकास काढते. सगळीकडे शून्य. शून्य म्हणजे बरी, बरी म्हणजे किल्ली. ठरलं. रोज शून्य.

१२ मार्च
आज चहा संपेपर्यंत डोकं दुखतंय हे आठवलंच नाही. सुनेनं डोळे वटारले, "आता तरी खरं लिहा, आधी किती होतं ते." म्हटलं, तू तुझं बघ. शून्याच्या खाली जागा नाही, म्हणून शून्यच लिहिलं. यात चुंबकाचं काही नाही. मी मुळातच दणकट.

१७ मार्च
डॉक्टरांनी कागद चाळले. "पहिल्या दिवसापासून शून्य, आजी?" तीनदा विचारलं. तीनदा सांगितलं, ठणठणीत. मग म्हणाले, त्रासच नाही तर मशीन कशाला, खुर्चीसाठी रांग लागलीय. नऊ वेळांतच सुटका. मुलानं गुपचूप किल्ली काढून दिली.
जिंकले.

१९ मार्च
दुकान उघडलं. बारा शर्ट रखडलेत. आठवड्यात उडवते.

२४ मार्च, दुपार
शर्ट: अर्धा.
शिवणयंत्र घरघरलं की कपाळात खिळा. बाही उलटी लागली. उसवली. परत उलटी. उसवताना डोळ्यांतून पाणी, आणि सुई तर बोचलेली नव्हती. घरात फितूर कमी पडले म्हणून डोकंही फितूर झालं.
सगळ्यात मोठा दगा त्या डॉक्टरचा. मी खोटं लिहीत होते. एवढा शिकलेला माणूस, त्याला कळू नये?

२६ मार्च, चार वाजता
सून डबा घेऊन आली. उजेड टोचतो म्हणून टेबलाखाली बसलेलं बघितलं मला. टोमणा मारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. ते वायाच गेलं. बाईनं सरळ शटर अर्धं खाली ओढलं, दिवा मालवला, आणि बाहेर जाऊन दवाखान्यात फोन लावला. पाच वाजता डॉक्टर बोलणार आहेत. दुखतं का, रडता का, हेच विचारणार.
मी शून्यच सांगेन. मला ओळखते मी.
म्हणून सुनेला बजावलंय: फोन तूच घ्यायचा. दहापैकी किती, तेही तूच सांगायचं. मी तुझा कितीही हात ओढला तरी फोन माझ्याकडे द्यायचा नाही.