लुक्कात मुक्काम

शुक्रवार संध्याकाळ, खलिफा सिटी

इटलीच्या सुट्टीत राहायला शेवटी लुक्का निवडलं. छोटं, शांत गाव. ट्रेनने पिसा, फ्लोरेन्स बघायचं आणि संध्याकाळी परत. खरं कारण नीलेशला सांगितलंच नाही. संध्याकाळी तिथे करण्यासारखं काहीच नसतं, मग लेक झोपली की आम्ही दोघं नवरा-बायको बोलू तरी. या घरात शेवटचं कधी धड बोललो?

आज त्याला फोटो दाखवले. लॅपटॉपवरून नजर न हलवता म्हणाला, "परफेक्ट! तू आणि ईरा रोज फिरून या, मी हॉटेलवर काम करतो. शांत आहे ना?"

शांत. हो, शांतच आहे.

माझे डोळे भरून आले. त्याने हेडफोन काढला. वाटलं, आता विचारेल.

"तिथलं वायफाय कसं आहे, विचारून ठेव हं."

विचारलं. उत्तम आहे म्हणतात. आता काय करू मी?