पगार समक्ष भेटीत

प्रिय पप्पा,

तुमच्याशी भांडायचं आहे, म्हणून लिहिते आहे. मम्मीपाशी हे काढलं तर ती लगेच रडायला लागेल. तुम्ही निदान ऐकून घ्याल. आता मध्येच उठून ब्रश धुवायला तरी जाणार नाही!

मला केतकीचा हेवा वाटतो. लिहूनच टाकलं.

केतकी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. सुप्याच्या आमच्या कारखान्यात आम्ही दोघी एकच काम करतो. कामगारांची हजेरी, रजा, नव्या भरतीचे कागद. ती माझ्यानंतर आली, मीच तिला सगळं शिकवलं. मागच्या आठवड्यात डबा खाताना ती सहज बोलून गेली, "बावीस हजारांत काय होतंय गं हल्ली?"

मला सोळा मिळतात, पप्पा.

तेव्हापासून तिचं काहीच सहन होत नाही. तिच्या नव्या चपला, तिचं हसणं, तिने आग्रहाने वाढलेली मेथीसुद्धा. ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं!

"तू इंटरव्ह्यूत किती सांगितलं होतंस?" मी विचारलं.

"पंचवीस. म्हटलं, कमी करून करून किती करतील? आणि तू?"

मी पाणी पीत राहिले. मी काय सांगितलं होतं, माहीत आहे? "तुम्ही द्याल ते, सर." हे वाक्य मी कुणाकडून उचललं, पप्पा?

श्रीरामपुरातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या तुम्ही रंगवल्यात. "पेंटर, किती द्यायचे?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की तुम्ही ब्रश पुसत म्हणायचात, "द्या तुमाला वाटंल ते." मला त्याचा केवढा अभिमान होता! आपल्या तोंडाने आकडा सांगणं हलकेपणाचं, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. घरातली पहिली पदवी घेतली, पण एवढं एक काही विसरता आलं नाही.

स्टेशनजवळच्या त्या दुसऱ्या पेंटरने एका अक्षराला किती, असा दर लिहून पाटी टांगली, तेव्हा तुम्ही घरी येऊन हसला होतात. "अक्षरं इकतोय गडी, भाजीवानी!" पण नंतर दोनदा मी तुम्हाला त्या पाटीसमोर सायकल धरून उभं असलेलं पाहिलं. त्याच्या वेलांट्यांतल्या चुका काढत होता, की दर वाचत होता? तुम्हालाही हेवा वाटला होता का हो? मग बोलला का नाहीत कधी? मला वाटत राहिलं, आपल्या घरात हा रोग मलाच झाला आहे.

पुढचं लिहायला लाज वाटते.

आमच्याकडे तिसरी जागा निघाली. जाहिरात मला लिहायची होती. चोवीसपर्यंत पगार मंजूर आहे, हे मी फाईलमध्ये वाचलं होतं. साहेब म्हणाले, "आकडा नको. 'पगार समक्ष भेटीत' टाक." 'कामगार पाहिजेत'च्या पाट्यांवर तुम्ही लाल रंगात काढायचात तेच तीन शब्द! समान कामाला समान वेतन या विषयावर कॉलेजात भाषण करून कप आणलेली मी. मी वाद घालायला हवा होता ना? मी लगेच टाकलं. खुशीने टाकलं! मला कुणी आधी सांगितलं होतं, म्हणून नव्या येणाऱ्या मुलीला कळावं? येऊ दे, तीही कमीच मागेल. निदान एक तरी माझ्या खाली राहील.

असा विचार मी केला, पप्पा. तुमच्या एस्तेरने.

काल नेवाशाहून एका मुलीचा फोन आला.

"ताई, जाहिरात वाचली. पगार किती हाय?"

"समक्ष भेटीत सांगतील."

"तसं नव्हं. यायचं म्हंजी दुकानात खाडा हुतोय. वर सुप्याला खोली घ्यावी लागंल. आकडा कळला तर आण्णांशी बोलता येईल. ते लांब जाऊ न्हाई म्हणत्यात."

मी फाईलची पानं उलटत राहिले. ती घाबरली. "न्हाई सांगायचं तर राहू द्या. रागावू नका, ताई. चुकून इचारलं."

विचारलं म्हणून ती माझी माफी मागत होती! मी उठून जिन्यात गेले आणि हळूच म्हणाले, "चोवीसपर्यंत देतात. त्याच्या खाली सांगू नकोस."

"अगं बया! आन् तुमाला किती हाय?"

हा आकडा मी मम्मीलाही कधी खरा सांगितला नाही. या न पाहिलेल्या मुलीला सांगितला. "सोळा."

ती म्हणाली, "मग ताई, तुमी का न्हाई मागत?"

मी पत्ता सांगून फोन ठेवला. तुम्हाला तरी याचं उत्तर देता आलं असतं का?

तुम्हाला खाली बघावं लागेल असं काही करणार नाही, हे वचन मी लहानपणापासून देत आले. आज निराळं देते. सोमवारी साहेबांसमोर उभी राहीन. जाहिरातीत आकडा छापा म्हणेन आणि त्याच दमात माझाही सांगेन. चोवीस. आवाज कापेल, तरी सांगेन. केतकीलाही माझे सोळा सांगेन, म्हणजे ती माझ्या बाजूने बोलेल की नाही ते कळेल. हेवा एवढ्यात जाणार नाही. पण नव्या मुलीला माझ्या खाली ठेवून तो शमवणार नाही.

तुम्ही रागावलात तर रागवा. मी आकडा सांगणार आहे, पप्पा.

तुमचीच,
एस्तेर