काकीने वाळत घातलेले बोंबील

काकी,

आपल्या नाटक मंडळाने यंदा तेच नाटक घेतलंय, मास्तरांनी लिहिलेलं, समुद्रावर गेलेल्या मुलाचं. आता तालमी मी घेते. पोरींमधली एक तलासरीच्या कॉलेजात जाते. काल ती म्हणाली, "मावशी, म्हातारीचं काम मला द्या ना. त्यात पाठांतर नाही." मला हसू आलं. तिचा काय दोष? तिने तुला पाहिलेलंच नाही.

मी लग्न होऊन झाईला आले तेव्हा अख्खं गाव तुला काकीच म्हणत होतं, तुझ्या वयाचे म्हातारेसुद्धा. गावच्या नाटकात पुरुषच लुगडं नेसून बायकांची कामं करत होते, त्या काळात तू पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिलीस आणि मग दर जत्रेला राहिलीस. मला हे सगळं नंतर कळलं. मी तुला आधी पाहिलं ते तलासरीच्या बाजारात. सासूने मला तुझ्याशेजारी सुकट विकायला बसवलं होतं. मी घसा फोडून ओरडतेय, रस्त्यावर ट्रकांचे हॉर्न, आणि तू नुसतं बोलतेयस. गुजराती बाई आली की गुजरातीत, पाड्यावरची आली की तिच्या बोलीत, आणि गिऱ्हाईक माझ्यासमोरून उठून तुझ्याकडे जातंय. दुपारी तू भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवलास आणि म्हणालीस, "ओरडू नको गं. ओरडलं की लोक कान झाकतात. सगळ्यात लांब कोण उभाय ते बघ, त्याच्याशी बोल. मधले आपोआप ऐकतात." तोच माझा नाटकाचा पहिला धडा. पुढच्या जत्रेला तू मला मंडळात ओढून नेलंस. सासू कुरकुरली, तर तिला म्हणालीस, "तुझी सून मी संध्याकाळपुरती नेते, विकत नाही घेत."

मग तुझा घसा गेला. मुंबईला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज कायमचा काढून घेतला. तू घरी आलीस तेव्हा गळ्याभोवती पांढरा रुमाल होता, आणि आम्ही बायका तुझ्यासमोर हळू आवाजात बोलत होतो, जणू मोठ्याने बोललो तर तुला लागेल. मंडळाने ठरवलं, काकीचा सत्कार करायचा. देवळाच्या मंडपात बैठक भरली, मास्तरांनी शाल आणली. तू ती शाल घेतलीस, नीट घडी घातलीस आणि मास्तरांच्या मांडीवर परत ठेवलीस. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलंस आणि बाहेर, जिथे दरवर्षी स्टेज बांधतात, तिकडे दाखवलंस. तुझा मुलगा शेजारी होता. म्हणाला, "आई म्हणतेय, काम द्या." मास्तर अवघडले. "अरे, पण काकी, बोलणार काय?" तू मुलाकडे पाहिलंस. तो खाली बघून हसला. "म्हणते, ते तिचं ती बघेल."

त्या नाटकात आईचा विलाप तू वर्षानुवर्षं करायचीस. मास्तरांनी तो सगळा काढून टाकला. आईने कोपऱ्यात बसून राहायचं, बोलायचं ते सुनेने. सून मी. तालमीत तू नुसती बसून बघायचीस, म्हणून आम्हाला वाटलं, बसशील बिचारी.

जत्रेच्या संध्याकाळी वाळूवर माणूस मावत नाही. तू रिकामी टोपली घेऊन येतेस तेव्हा बायका च्च च्च करतात. तू बसतेस. टोपलीत हात घालतेस, एक बोंबील उचलतेस, दुसरा उचलतेस, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतेस आणि ती जोडी समोरच्या दोरीवर टाकतेस. टोपलीत काही नाही. दोरी तर बांधलेलीच नाही. आमच्यातल्या प्रत्येक बाईने हे काम जन्मभर केलंय, आणि तरी तुझ्या बोटांतून ओल निथळताना आम्हाला दिसते. च्च च्च थांबतं. मग तू एक उचलून नाकाशी नेतेस, तोंड वाकडं करतेस आणि फेकून देतेस. पुढे बसलेली एक म्हातारी न राहवून ओरडते, "अगं, चांगला होता तो!" तू तिच्याकडे रोखून बघतेस, उठतेस, तो बोंबील उचलून परत हुंगतेस आणि आणखी लांब फेकतेस. सगळी जत्रा खदखदून हसते. मास्तर पडद्याआड डोक्याला हात लावून उभे, कारण माझा संवाद केव्हाचा होऊन गेलाय आणि तो कुणीच ऐकलेला नाही.

आणि तेवढ्यात खलाशी येऊन सांगतो, होडी परत आली नाही. तुझ्या उजव्या हातात एक बोंबील आहे. डावा त्याची जोडी घ्यायला टोपलीत गेलाय. तो तिथेच थांबतो. चाचपतो, परत चाचपतो. टोपलीत आता काही उरलेलं नाही. इतक्या माणसांत समुद्राचा आवाज ऐकू येतो. तू हातातल्या त्या एकट्याकडे बघतेस, पदराच्या टोकात गुंडाळतेस आणि कमरेला खोचतेस. बस्स. रडली नाहीस, डोळेसुद्धा पुसले नाहीस.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका भांडत होत्या, बोंबील मोठे होते की बारीक. तू मात्र डोक्यावर टोपली घेऊन नेहमीच्या एसटीत बसलीस, बोटांनी भाव सांगायला. तू गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी बोंबील तुझ्यापेक्षा भराभर घालते, पण स्टेजवर माझ्या हातात कधी कधी नुसते हातच राहतात. तू होतीस तेव्हा, तुला कसं जमतं हे विचारायला मी तुझ्या ओट्यावर कितीदा आले आणि चहा पिऊन परत गेले.

हे पत्र तुझ्या मुलाकडे देता येईल, पण तो ते तुझ्या फोटोसमोर मोठ्याने वाचून दाखवेल, म्हणून माझ्याकडेच ठेवते. एकच सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी तू बोंबील कमरेला खोचलास आणि मी ज्या तऱ्हेने हंबरडा फोडला, त्याचं गावाने फार कौतुक केलं. मास्तर म्हणाले, असं काम आपल्या मंडळात कुणी केलं नाही, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. काकी, ते काम नव्हतं. माझा नवरा त्या दिवशी होडीवर होता, आणि तुझा हात टोपलीत थांबला तेव्हा मी नाटकात आहे हेच मला आठवलं नाही. सकाळी तो धडधाकट परत आला, चहा मागितला. किनाऱ्यावर ऐकून आला होता, का रडलीस म्हणून त्याने विचारलं, तर मी त्यालाही सांगितलं, मास्तरांनी शिकवलं तसं रडले.