पाय पाण्यात सोडून

३ तारीख, सोमवार

पोचले एकदाची. शेवटच्या वळणावर ड्रायव्हरने गाडी मुद्दाम हळू केली आणि म्हणाला, बघून घ्या बाई, पहिल्यांदा एकदाच दिसतं. खरं होतं त्याचं. डोंगरांच्या ओंजळीत तळं, कडेने लाल छपरांची घरं, आणि उन्हाळा सरत आला तरी रेंगाळणारं पिवळं ऊन.

घर माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं, शिडी म्हणायचो आम्ही तिला. कॉन्व्हेंटमध्ये सहा वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. ती इतकी उंच की फळ्याचा वरचा कोपरा पुसायला सिस्टर तिलाच बोलवायच्या. पुढे चाळीस वर्षं नुसती वाढदिवसाची कार्डं. आणि गेल्या महिन्यात इथल्या घरांच्या एजंटचं पत्र आलं: बाई आता नाहीत, घर त्या तुमच्या नावे करून गेल्यात. पत्र तीनदा वाचलं. तिच्यासाठी रडले, आणि मग, खोटं कशाला बोलू, घरासाठी थोडी हरखलेही.

चार खोल्या. स्वयंपाकघराची खिडकी थेट पाण्यावर उघडते. शिडीने फडताळं स्वतःच्या उंचीने करून घेतलीत, साखरेचा डबा काढायला मला स्टूल लागलं. चहाचे दोन कप काढले. हे जाऊन चार वर्षं झाली, पण एक कप समोर ठेवल्याशिवाय मला चहा जात नाही.

संध्याकाळी चिऊला फोन केला. माझी एकुलती एक लेक. पाच महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली आणि अकराव्या दिवशी गेली. तेव्हापासून चिऊ फोनवर बोलते कमी, रडते जास्त. मीही इकडून रडते. फोन कंपनीचं भलं होतं, असं जावई म्हणतात. तिला म्हटलं, उन्हाळा संपायच्या आत ये, माझ्या कुशीत झोप चार दिवस.

६ तारीख, गुरुवार

एजंटच्या ऑफिसात जाऊन आले. चढावर आहे, गुडघ्यांनी वाटेत दोनदा बसवलं. एजंट मऊ आवाजाचे, शर्टाची घडीसुद्धा मोडत नाही असे. त्यांनी फॉर्म पुढे केला. नाव, वय, आणि शेवटी एक रकाना: आपल्यानंतर घर कोणाचं. तो मोकळा ठेवता येत नाही म्हणाले. मी चिऊचं नाव लिहिलं, सिस्टरांनी शिकवलेल्या तिरक्या वळणदार अक्षरात. आईकडून लेकीला काहीतरी जातंय याचा आनंद झाला.

ते म्हणाले, इथे घर फार दिवस रिकामं राहत नाही, विकायची पाटी कधी लागतच नाही. मी म्हटलं, मग तुमचा धंदा कसा चालतो हो? हसले नाहीत. चालतो, म्हणाले.

८ तारीख, शनिवार

आमच्या गल्लीत सात घरं, सातही घरांत एकेकटी माणसं. गल्लीच्या टोकाला पाण्यात उतरणाऱ्या सात दगडी पायऱ्या. रोज दुपारी चारला सगळे तिथे जाऊन बसतात, घरटी एक पायरी. पहिलीवर बसलं की नुसते घोटे बुडतात. सर्वांत खाली रिटायर झालेले पोस्टमास्तर, त्यांचं डोकं आणि खांदे तेवढे वर. सगळे कपड्यांनिशी. लांबून बघितलं तेव्हा मला म्हशी डुंबताहेत असं वाटून इतकं हसू आलं की ओढणी तोंडाशी धरली.

पहिली पायरी माझी. दुसरीवरच्या लायब्ररीवाल्या बाई म्हणाल्या, बसा हो, पाणी चावत नाही. चावलंच. असलं गार पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण पाच मिनिटांनी पाय आहेत की नाहीत कळेना, आणि परत येताना गुडघे अजिबात बोलले नाहीत. दहा वर्षांत पहिल्यांदा.

११ तारीख, मंगळवार

रोज जाते. झोप छान लागते. लायब्ररीवाल्या बाईंना चिऊचं सांगितलं, बाळाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, आणा की तिला इथे, आठवड्यात बरं वाटेल. मलाही मुलगे होते, म्हणाल्या, दोन की तीन. मला वाटलं, थट्टा करताहेत. पण हसायची वेळ आली तरी त्या पाण्याकडेच बघत राहिल्या.

आज सकाळी एकच कप काढला होता. चहा पिऊन झाल्यावर लक्षात आलं. वाईट वाटेल म्हणून जरा थांबले. वाटलं नाही.

१४ तारीख, शुक्रवार

चिऊचा फोन. बाळाचं झबलं तिला कपाटात सापडलं. ती रडत होती आणि मी किटलीच्या चोचीतून निघणाऱ्या वाफेकडे बघत होते. हं, हं म्हणत होते. ती म्हणाली, आई, ऐकतेयस ना? ऐकत होते. शब्द सगळे कळत होते.

फोन ठेवला तेव्हा दिसलं की माझा डावा तळवा किटलीला टेकलेला आहे. केव्हापासून, कोण जाणे. मोठा फोड आलाय. दुखत नाही.

१६ तारीख, रविवार

आज पोस्टमास्तर गेले.

चारला नेहमीसारखे बसलो होतो. काठावर एजंट फाइल घेऊन उभे होते. पोस्टमास्तरांनी खिशातून किल्ली काढली, ती हातोहात वर आली, मीच ती एजंटांना दिली. मग ते उठले आणि पुढे चालत गेले. पुढे पायरी नाही. पाणी फारसं हललंही नाही. कोणी मान वर केली नाही. सहाव्या पायरीवरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, सरका. सगळे एकेक पायरी खाली सरकले. मीही सरकले. आता पाणी पोटऱ्यांच्या वर येतं.

घरी येऊन सूप प्यायले. भांडी घासली. आत्ता लिहिताना जाणवतंय की माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस बुडाला. दूध उतू गेलं तरी मी याहून जास्त हळहळते.

१८ तारीख, मंगळवार

पोस्टमास्तरांचा पुतण्या आला. त्याच ड्रायव्हरच्या गाडीतून, शीळ घालत. बॅग एजंटांनी स्वतः उचलली. पुतण्या सांगत होता, काकांना आयुष्यात दोनदा भेटलोय, पण काय दिलदार माणूस, फॉर्मवर माझं नाव घालून गेले. चारला तो पहिल्या पायरीवर बसला. गार आहे की हो, म्हणाला.

तेव्हा मला कळलं. सावकाश कळलं, जसं परक्या भाषेतलं कळतं तसं. पोस्टमास्तरांच्या फॉर्मवर पुतण्या. शिडीच्या फॉर्मवर मी. तिला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून बाकावरची मी. आणि माझ्या फॉर्मवर—

उद्या पायऱ्यांवर जायचं नाही.

१९ तारीख, बुधवार

गेले नाही. चारला लायब्ररीवाल्या बाईंनी खिडकीतून विचारलं, येत नाही का? म्हटलं, सर्दी आहे. सर्दीचं काय एवढं, म्हणाल्या, तीही जाईल.

२० तारीख, गुरुवार

सगळं परत आलं. पहाटेपासून गुडघे कोणी आतून पिळतंय. तळहाताचा फोड धगधगतोय. आणि हे आजच गेले असं रडले. त्यांचा चष्मा, त्यांचं खोकणं, सगळं. पोस्टमास्तरांसाठी रडले, किल्ली मीच दिली म्हणून रडले. आणि त्या एवढ्याशा जिवासाठी. मी तिला एकदाच घेतलं होतं, तिने माझं बोट धरलं होतं.

किती दिवसांनी मी माझ्यात आहे. डोकं लख्ख आहे तोवर लिहून ठेवते:

बाळाचं मागे काही उरलेलं नाही. चिऊचं रडणं तेवढं उरलंय. ते या पाण्याने नेलं तर बाळ दुसऱ्यांदा जाईल. म्हणून चिऊने इथे यायचं नाही.

हेच कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलंय. उद्या एजंटकडे जाऊन तिचं नाव खोडायचं, आणि त्याच पावली गाडी धरून निघायचं. घर गेलं खड्ड्यात.

२१ तारीख, शुक्रवार

पलंगावरून उतरताच येईना. गुडघे सुजून टम्म. ऑफिस चढावर. रांगत कशी जाणार? म्हणून—फक्त चालता यावं म्हणून—दोन मिनिटं पाण्यात उभी राहिले. घड्याळ लावून दोनच मिनिटं. दोनच होती बहुतेक. सावल्या फिरल्या होत्या.

चढ सहज चढले.

एजंटांनी लगेच फॉर्म काढला. नाव खोडता येतं म्हणाले, काही अडचण नाही, इथे फक्त कारण लिहा. मी पेन घेतलं. सकाळी मला कारण माहीत होतं. पर्समधला कागद काढून वाचला. अक्षर माझं. वाक्यं दुसऱ्या कुणाच्या घरातली, वाण्याच्या यादीसारखी. बाळ, रडणं, दुसऱ्यांदा. मी तेच रकान्यात उतरवून काढायला हवं होतं. पण एजंटांनी मऊ आवाजात विचारलं, म्हणजे लेकीला दुःख असावं असं तुम्हाला वाटतं का? आई आहात ना तुम्ही?

मी पेनचं टोपण लावलं, काढलं. शेवटी ते म्हणाले, घाई नाही. चहा दिला. प्यायले.

रकाना कोरा आहे. नाव तसंच.

२३ तारीख, रविवार

चिऊला फोन केला. येऊ नकोस असं सांगायचं हे वहीत वाचून ठरवलं होतं. सांगितलं. तिने विचारलं, का गं? म्हटलं, येऊ नकोस. ती म्हणाली, आई, तुझा आवाज असा का येतोय? म्हटलं, कसा? म्हणाली, बँकेतून फोन आल्यासारखा. मग ती रडली. मी थांबले, तिचं संपेपर्यंत.

ती म्हणाली, तू नुसती एकदा रड ना माझ्याबरोबर. मी प्रयत्न केला. आवाज काढून पाहिला.

ती घाबरली. शुक्रवारी येतेच, म्हणाली, तुला घरी घेऊन जायला.

रडता आलं असतं तर ती आली नसती.

२६ तारीख, बुधवार

दातांचे डॉक्टर गेले. किल्ली. सरका. आता तिसरी. पाणी मांड्यांवर.

पाण्यात न जाता दोन दिवस काढायचे, म्हणजे शुक्रवारी मला रडता येईल—असं वहीत वर लिहिलेलं नाही, पण तसंच असणार. तो वीस तारखेचा गुरुवार होता ना, तसं. आज जायला नको होतं. चारला पाय निघालेच.

२७ तारीख, गुरुवार

आजही गेले.

२८ तारीख, शुक्रवार

चिऊ आली. दारातच मिठी मारली. माझे हात कुठे ठेवायचे ते आठवून ठेवले. वाळलीय. सगळ्या खोल्या फिरली, म्हणाली, आई, किती सुंदर आहे गं, आणि तू किती गार आहेस. डॉक्टरकडे नेणार आहे मला. उद्या गाडी नाही. परवा निघायचं.

रात्री कुशीत झोपली. रडत होती. ओला गाल माझ्या दंडावर. ओलं आहे, एवढं कळलं.

तिला सांगायचं—पाण्याजवळ जाऊ नकोस. हे लिहून उशाशी ठेवते.

२९ तारीख, शनिवार

सांगितलं. कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, का? खाली कारण लिहिलेलं नव्हतं.

चारला मी उठले. ती माझ्या मागे मागे. हात धरून ओढत होती, आई चल, आई घरी चल. मी बसले तशी तीही बसली—मला उठवायलाच. सँडलसकट. लायब्ररीवाल्या बाईंनी खालच्या पायरीवर तिच्या पायांना जागा दिली.

पाच मिनिटं ओढत होती. मग तिने हात सोडला.

३० तारीख, रविवार

गाडी आली होती. हॉर्न दोनदा. गेली.

वही मांडीवर, पानं ओली. चिऊ शेजारी. चेहरा शांत—लहानपणी ताप उतरला की व्हायचा तसा. गेले पाच महिने ती अशी—छान दिसतेय. बरं झालं ना. एजंट म्हणाले, बरं झालं.

तरी काहीतरी—

आत्ता तिने विचारलं, आई, आपण दोघी फोनवर कशासाठी रडायचो गं?

मला माहीत आहे. मी सांगते तिला. थांब चिऊ, सांगते. कुणीतरी होतं. खूप लहान. अकरा—अकरा काहीतरी. तिने माझं